पाचही किंकाळ्या

डिस्कच्या कव्हरवर एक नाव,
सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर दुसरं,
आणि पडद्यावर रक्तासारखं ओघळत येतं ते तिसरंच.
इथूनच आमची खुसखुस सुरू होते.

घोडपदेव, बारावा मजला, शनिवारची रात्र.
टोपल्यांच्या घरी, कारण टीव्ही त्यांचा मोठा.
आम्ही सात-आठ जण, परातीत भेळ,
विल्फ्रेडने चोरबाजारातून पन्नासला सहा आणलेल्या डिस्का.
नियम एकच : सिनेमा चांगला निघाला
तर आणणाऱ्याने पुढच्या शनिवारी कांदा चिरायचा.
अजून कोणावर ती वेळ आलेली नाही.

हवेली म्हणे राजस्थानात आहे.
खिडकीतून मढची खाडी दिसते, होड्यांसकट.
बाहेर अमावास्या, सावल्या मात्र दुपारी दोनच्या.
राक्षसाच्या पाठीची चेन अर्धी उघडी,
आत बनियन.
"उकडत असेल हो बिचाऱ्याला," टोपलेवहिनी म्हणतात
आणि विल्फ्रेडच्या नाकात शेव जाते.

काय आवडतं यात, मला नीट सांगता येत नाही.
दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधतो,
विम्याचे दावे तपासायचं काम,
तारीख चुकली, सही हुकली, नामंजूर.
इथे चुका हातात कंदील घेऊन आपणहून समोर येतात
आणि कोणाचंच काही नामंजूर होत नाही.
थोडी कुचेष्टाही असते, कशाला लपवू.
आपल्याहून वाईट काम करणारं कोणीतरी होतं
आणि तरी त्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत आलं,
याचा एक हलकट आनंद.

मग पहिली मुलगी मरते. किंकाळी.
दुसरी विहिरीत. किंकाळी.
तिसरी तर नुसतं झुरळ बघते. तीच किंकाळी,
चिरकत वर जाणारी, शेवटी एक उचकी.
"अरे, सगळ्यांना मिळून एकच गळा!"
पोरं गादीवर लोळायला लागली.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत कुडतरकर मावशी.
येतात, भेळ खात नाहीत, बसून राहतात.
घशाच्या ऑपरेशननंतर कुजबुज तेवढी उरली आहे,
लिफ्टमध्ये भेटल्या तर वाकून कान द्यावा लागतो.
त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.
टोपल्यांनी सिनेमा थांबवला.
राक्षस तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"मी," त्या म्हणाल्या.
आम्हाला ऐकू आलं, पाणी.
कोणीतरी तांब्या आणायला उठलंसुद्धा.

"मी. पाचही माझ्याच.
पंच्याहत्तर रुपयाला एक.
अंधेरीला गाळा होता, भिंतींना गाद्या ठोकलेल्या,
आवाज येतो म्हणून पंखा बंद.
विहिरीतली एका दमात दिली.
झुरळाची चार वेळा, मेलं हसूच यायचं.
चौथी यायची आहे अजून.
ती चांगली झालीय."

टोपल्यांनी आवाज वाढवला, वाढवतच नेला.
चौथी जिना उतरत होती,
हातात मेणबत्ती, मेणबत्तीला वायर.
कोणी हसलं नाही. किंवा हसायचं विसरलं.
मावशींनी पदर घट्ट धरला, तोंड उघडलं,
गळ्याची शीर ताणून वर आली,
आणि आवाज आला तो स्पीकरमधून.
सबंध सिनेमात कोणाचे ओठ जुळले नव्हते,
ते तेवढे जुळले.
समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन दिवे लागले.

पुढे काय करायचं ते आम्हाला कळेना.
हसल्या पहिल्या त्याच, बिनआवाजाच्या, नुसते खांदे.
मग आम्ही सुटलो.
"परत लावू?" म्हणेपर्यंत डिस्क अडकली,
राक्षसाचे चौकोन-चौकोन झाले.
विल्फ्रेडने ती शर्टाला घासली, फुंकली, पुन्हा घातली,
तीन वेळा ऐकली चौथी.
"पाचवी नका लावू," मावशी कुजबुजल्या,
"तेव्हा भूक लागली होती."

लिफ्टची वाट बघताना विल्फ्रेड म्हणाला,
पुढच्या शनिवारी कांदा मी चिरतो.
काही नको, टोपलेवहिनी म्हणाल्या,
सिनेमा भिकारच होता.